डबीत खरी जागा किती

ह्वाछ्यांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या बाजारात तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी, दोन हात रुंदीच्या गाळ्यात ज्वांग चिनबो बसतो. पाटीवर 'मेमरी, ड्राइव्ह, तपासणी' असं लिहिलेलं असलं तरी लोक त्याच्याकडे मुख्यतः बोलणी खायला येतात. घरचं काम टाकून माणसं अपमान करून घ्यायला रांग लावतात, याचं शेजारच्या केबलवाल्या बाईंना सतरा वर्षांत नवल वाटायचं थांबलेलं नाही. चिनबोचं म्हणणं सरळ आहे. स्वस्ताईला भुललेल्या माणसाची समजूत काढली तर तो पुढच्या महिन्यात पुन्हा भुलतो. चारचौघांत शोभा केली तर निदान वर्षभर तरी शहाणा राहतो.

परवा लग्नाचे फोटो काढणारा एक गृहस्थ आला. फोनवर लाइव्ह विक्री चालू असताना, 'शेवटच्या वीस डब्या' असं ओरडणाऱ्या पोरीकडून त्याने तीस टेराबाइटची ड्राइव्ह घेतली होती. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, चकचकीत, कोपऱ्यावर निळा दिवा. चिनबोने ती संगणकाला लावलीच नाही. आधी चहा ओतला. गाळ्यात माणसं दोन असोत की सात, कप तीनच. छाओशानकडची, म्हणजे चिनबोच्या मुलखाची, रीतच तशी. मग डबी तळहातावर ठेवून डोळे मिटले आणि किंमत विचारली. एकोणनव्वद युआन, असं गृहस्थ अभिमानाने म्हणाला.

"तुमच्या गावी एकोणनव्वद युआनला तीस मजली इमारत मिळते का हो?"

गृहस्थ म्हणाला, की संगणकाला लावली की तीस टेराबाइट असंच दिसतं, हवं तर दाखवतो.

"दिसणारच. लग्न ठरवताना सासऱ्यांना तुम्ही तुमचा पगार किती सांगितला होता?"

रांगेत हशा पिकला. चिनबोने अंगठ्याच्या नखाने डबीची शिवण उकलली. आत गोंदाने चिकटवलेलं बोटाच्या पेराएवढं कार्ड, आणि त्याच्या शेजारी, डबी हातात भरल्यासारखी वाटावी म्हणून, एक लोखंडी नट. तो नट त्याने काढून गृहस्थाच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, एकोणनव्वद युआनमधली खरी वस्तू एवढीच, जपून ठेवा.

त्याचा एक नियम आहे आणि तो प्रत्येकाला ऐकवतो. डबीला तिची जागा विचारायची नाही. तिच्या मेंदूला जे पढवलंय तेच ती बोलणार. तिला काठोकाठ भरायचं, आणि भरलेलं पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाचून बघायचं. जेवढं जसंच्या तसं परत येईल तेवढी ती खरी, बाकीची नुसती बोलबच्चन. याला वेळ लागतो, कधी दोन दिवस, कधी चार. लोकांना तेवढा धीर नसतो. त्यांना डबीने स्वतःच सांगून टाकलेलं बरं वाटतं.

आता वजनावरून खोटी डबी ओळखायची ही विद्या चिनबोला कुठल्या गुरूने दिली, असं कुणी विचारत नाही. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. त्याने सहा वर्षं तेच काम केलंय. त्याचा थोरला चुलत भाऊ ज्वांग वेइतुंग याच्या कारखान्यात, म्हणजे पत्र्याच्या छताखालच्या दोन खोल्यांत, चिनबो दिवसाला सहाशे डब्यांत नट चिकटवायचा. माल परदेशी जायचा. कुठल्या देशी जातो ते त्याला माहीत नव्हतं, आणि तिकडचा माणूस आपल्याला कधी भेटणार नाही एवढं माहीत असल्यावर बाकीचं माहीत करून घ्यायची गरज वाटत नव्हती. पुढे त्याने ते काम सोडलं. आपला अंतरात्मा जागा झाला असं तो हल्ली सांगतो. केबलवाल्या बाई सांगतात, की गोंदाच्या वाफेने त्याच्या हाताला इसब झालं होतं. अंतरात्मा नंतर जागा झाला असेल. इसबाच्या खाजेने झोप उडालेलीच होती.

वेइतुंग मात्र त्याच डब्यांवर मोठा झाला. गावी, म्हणजे छाओयांगजवळच्या दोंगवेईला, त्याने रस्ता केला, शाळेला फाटक दिलं, आणि पूर्वजांच्या मंदिराचं छप्पर नवं केलं. फाटकावर त्याचं नाव शाळेच्या नावापेक्षा मोठं आहे. अशा माणसाला कुळाचं अध्यक्षपद द्यावंच लागतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असं म्हणतात. इथे वाळा विकूनच सोनूबाई गावची अध्यक्ष झाली होती.

गेल्या वर्षी कुळाने ठरवलं, की वंशावळ नव्याने छापायची. जुन्या वंशावळीत तेवीस पिढ्यांचे पुरुष होते. बायका नव्हत्या. सून असेल तर 'अमक्या घराण्यातली' एवढंच, आणि मुलीचा तर उल्लेखच नाही. जशी काही तेवीस पिढ्यांत ज्वांगांना मुलगीच झाली नव्हती. आता दिवस बदलले आहेत, शेजारच्या गावाने बायकांची नावं घातली म्हणून दोंगवेईला मागे राहून चालेना. आताच्या बायकांची नावं मिळतील, पण जुन्यांची आणायची कुठून? ती सगळी एकाच ठिकाणी होती. चिनबोच्या आईच्या डोक्यात.

याओ पेइचू, वय एक्क्याण्णव. सगळं गाव तिला आजी म्हणतं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन दोंगवेईत आली आणि तेव्हापासून गावातलं एकही लग्न, बाळंतपण आणि भांडण तिने चुकवलं नाही. कुणाची लेक कुठल्या गावी दिली, कोण सयामच्या बोटीवर चढली, कोणती विहिरीत गेली, कुणाचं खरं नाव काय आणि सासरी काय ठेवलं, सगळं तोंडपाठ. शरदात, भाताची कापणी झाल्यावर, निवृत्त शिक्षक शूवेन गुरुजी चार दिवस तिच्यासमोर फोन ठेवून बसले. ती बोलत गेली, फोन ऐकत गेला. एकशे त्रेचाळीस बायका तिने नावानिशी उभ्या केल्या. गुरुजींनी पहिल्या सकाळी वही उघडली होती, पण मग यंत्र असताना हात कशाला दुखवा, म्हणून मिटून ठेवली. छापायच्या वेळी सावकाश ऐकून उतरवून काढू, असं त्यांनी ठरवलं.

हिवाळा लागला आणि आजीला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, डावा हात चालतो, पण तोंडातून शब्द नाही, आणि लिहायला तर ती कधी शिकलीच नव्हती. म्हणजे एकशे त्रेचाळीस बायका आता जगात एकाच ठिकाणी उरल्या, गुरुजींच्या फोनवर.

वेइतुंग अशा प्रसंगी मागे राहणारा माणूस नव्हे. कुळाचा एवढा ठेवा एका फोनवर ठेवतात का, असं म्हणून त्याने कुळाला सोळा टेराबाइटची ड्राइव्ह अर्पण केली. पुढच्या दहा हजार वर्षांचं कूळ तिच्यात मावेल, असं कुळाच्या ग्रुपवर जाहीर झालं. गुरुजींनी सगळं तिच्यात भरलं, आणि भरताना रीत पाळली. वयाने मोठा तो आधी. म्हणून सगळ्यांत पहिल्यांदा आजीचं बोलणं, मग म्हाताऱ्यांचे फोटो, मग जुन्या थडग्यांचे, मग बाकीचे. जेवताना पहिला घास थोरल्याने घ्यायचा असतो, तसंच हे.

हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सणाला मंदिरात डबी वेदीवर ठेवायचा सोहळा झाला. तो मान कुळातल्या सर्वांत वयस्क माणसाचा, म्हणजे आजीचा. तिचा हात उठत नव्हता म्हणून तिच्या वतीने मुलाने ठेवायची. चाकाच्या खुर्चीत आई, समोर धूप, लाल रेशमी जाकिटात वेइतुंग, मागे अडीचशे माणसं, आणि बाहेर मसाल्याच्या रश्शात मुरवलेल्या हंसाचा वास. लाल तबकातून चिनबोने डबी उचलून तळहातावर घेतली, आणि त्याला कळलं.

नटच होता. डाव्या कोपऱ्याकडे किंचित ओढ घेणारा, कारण तो चिकटवायची जागा तेवीस वर्षांपूर्वी चिनबोनेच ठरवून दिली होती. माल नवा, नटाची जागा जुनीच. त्याने वर पाहिलं. वेइतुंग त्याच्याकडेच बघत होता, हसत, अध्यक्ष हसतात तसं.

"काय, कशी आहे?" वेइतुंगने माइकमधूनच विचारलं. "आपला चिनबो बाजारातला मोठा पारखी आहे, तोच सांगेल."

गाळ्यावर गिऱ्हाइकाच्या सासऱ्यापर्यंत जाणारा हा माणूस अडीचशे माणसांसमोर म्हणाला, "वजन आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गागीनांग, म्हणजे आपलीच माणसं. छाओशानमध्ये या एका शब्दावर धंदे चालतात, कर्जं मिळतात आणि तोंडं बंद राहतात. परक्याचा माल दहादा तपासावा, आपल्या माणसाचा तपासणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. त्यातून पूर्वजांना दिलेली भेट. त्यातून जेवणावळ त्याचीच. चिनबो मूग गिळून बसला आणि मूग गिळून झाल्यावर हंसही गिळला.

त्याने जेवता जेवता गुरुजींना एवढं मात्र विचारलं, की डबीत एकूण भरलंय किती. ऐंशी जीबी, गुरुजी म्हणाले. चिनबोच्या जिवात जीव आला. असल्या डब्यांत हल्ली एकशे अठ्ठावीसचं कार्ड असतं. म्हणजे अजून जागा आहे, आई सुखरूप आहे, आणि आणखी कोण काय भरणार आहे? डबीवर लाल कागद चिकटवून ती वेदीवरच्या पेटीत बंद झाली होती. लाकडी तुकडे फेकून पूर्वजांचा कौल घेतल्याशिवाय पेटी उघडता येत नाही. गुरुजींना निदान फोनवरचं पुसू नका असं सांगावं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण गुरुजींनी 'का' असं विचारलं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर लाल जाकीट घालून पलीकडच्या टेबलावर बसलं होतं. सावकाश फोन करून सांगू, असं त्याने ठरवलं. सावकाश करायच्या कामांत ते काम पहिल्या नंबरवर राहिलं.

पहिल्या चांद्रमासात गावदेवाची मिरवणूक निघाली. या वर्षी वेइतुंगने नऊ ड्रोन लावून तिचं चित्रण केलं. चौथ्या दिवशी दुपारी चिनबो गाळ्यावर एका बाईंना त्यांच्या जावयाच्या अकलेबद्दल सांगत असताना ग्रुपवर गुरुजींचा निरोप आला. अध्यक्षांच्या सूचनेवरून पेटी उघडली. पूर्वजांनी पहिल्याच फेकीला होकार दिला. मिरवणुकीचं सगळं चित्रण, दोनशे दहा जीबी, डबीने एकदाही कुरकुर न करता सामावून घेतलं. खाली पन्नास जणांनी अंगठे वर केले होते.

या जातीच्या डब्यांची तऱ्हा चिनबोला पाठ होती. जागा संपली असं त्या कधी म्हणत नाहीत. शेवटचं पान भरलं की पुन्हा पहिल्या पानापासून, आधीचं खोडून, लिहायला लागतात. फक्त वरची यादी जपतात, म्हणजे बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसावं. आणि पहिल्या पानावर कोण होतं? जी वयाने सर्वांत मोठी, ती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तो गावी पोचला. गुरुजींना म्हणाला, पेटी उघडा. गुरुजींनी कौलाचे लाकडी तुकडे पुढे केले, कारण रीत ती रीत. कारण मनात सांगायचं आणि फेकायचे. पेटीतली धूळ पुसायची आहे, असं चिनबोने पूर्वजांना सांगितलं. दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले. याला हसरा कौल म्हणतात, पूर्वज हसताहेत. त्याने पुन्हा धूळच सांगितली, पूर्वज पुन्हा हसले. तिसऱ्यांदा त्याने खरं काय ते सांगितलं, ओठ हलवूनच, आणि होकार मिळाला. दोनशे जीबी भरायला वेइतुंगला एका फेकीत होकार दिला होता, हे त्याने मनातल्या मनात पूर्वजांना सुनावलं.

यादी शाबूत होती. 'याओ पेइचू, दिवस पहिला' पासून 'दिवस चौथा' पर्यंत. गुरुजींनी पहिला दिवस लावला. नुसती खरखर. दुसरा, तिसरा, चौथा, खरखर. गुरुजींचा चेहरा उतरत गेला. मिरवणूक टिपायला जागा हवी म्हणून फोनवरचं त्यांनी महिन्यापूर्वीच पुसलं होतं. सगळ्यात शेवटची चित्रफीत मात्र लख्ख चालली. तिच्यात वेइतुंग मंदिराच्या पायरीवर उभा राहून स्मृती जतन करण्याचं महत्त्व सांगत होता.

वेइतुंग तासाभरात आला. त्याने दार लावून घेतलं. चिनबोने त्याला विचारलं, की सगळ्या गोदामात एक खरी डबी नव्हती का.

"अरे, पूर्वजांना आपण कागदाचं घर जाळतो, कागदाची मोटार जाळतो, आता तर कागदाचे फोन जाळतो. आजपर्यंत एकाने तरी तक्रार केली? वेदीवर ठेवायची वस्तू. ती उघडून भरत बसतील हे मला काय माहीत?"

"भरा असं तूच सांगितलंस."

"आणि तुला काय वाटलं होतं? हातात तर तू घेतली होतीस." वेइतुंग शांतपणे चहा ओतत म्हणाला. "मी एक वेळ विसरलो असेन. तू विसरणारा नाहीस. 'वजन आहे' म्हणालास."

वेइतुंग मनाने अगदीच वाईट नव्हता, लगेच मार्ग काढायला बसला. खरी डबी तो देईल. नावांचं काय, बायकांचीच तर आहेत. गुरुजींनी एकशे त्रेचाळीस चांगली नावं लिहून काढावीत. मेलेल्या बायका तपासायला येणार आहेत? वंशावळ भरलेली दिसेल, बायकांचा मान राहील, गुरुजींची अब्रू राहील, चिनबोची राहील. आळीमिळी गुपचिळी. गुरुजी खाली बघत होते. चिनबो काहीच बोलला नाही, आणि न बोलणं म्हणजे हो, हे तिघांनाही कळत होतं. घरी जाऊन तो आईसमोर बसला. तिने डाव्या हाताने त्याच्या गालाला हात लावला, कारण तो सणावाराशिवाय आला होता. त्याला रडू आलं आणि ते त्याने गोंदाच्या वाफेने डोळ्यांना कायमची लागलेली सवय म्हणून खपवलं.

छिंगमिंगला, म्हणजे पितरांच्या सणाला, थडगी साफ करून झाल्यावर, मंदिरात नव्या वंशावळीचं जाहीर वाचन होतं. ज्वांगांच्या इतिहासात पहिल्यांदा बायकांना पुढच्या रांगेत बसवलं होतं आणि मधोमध आजीची खुर्ची. वेइतुंगने पुरुष भराभर उरकले. मग आवाज भरदार करून त्याने जुन्या लेकीसुनांची नावं वाचायला घेतली. थोरल्या घराची पहिली लेक, अमुक. नाव छान होतं. सगळीच छान होती, साबणाच्या वडीवर असतात तशी. उपाशी सालात जन्मलेल्या पोरींची तसली नावं कुणी ठेवत नसे.

आजीचा डावा हात वर झाला आणि आडवा हलला. नाही.

वेइतुंगने दुसरं नाव वाचलं. हात पुन्हा हलला. तिसरं. नाही. चौथं, पाचवं, नाही, नाही. मागे कुजबूज सुरू झाली. आजीला त्रास होतोय, खुर्ची जरा बाहेर वाऱ्यावर न्या, असं वेइतुंगने माइकमधूनच काळजीने सांगितलं. दोन बाया उठल्या. आजीने चिनबोकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती, नुसतं बघत होती, आणि तेच त्याला सोसवेना.

"तिला काही होत नाहीये," तो उठून म्हणाला. "ती तपासतेय."

एकदा उघडलेलं तोंड आता मिटेना. "ही नावं खोटी आहेत. खरी त्या डबीत होती, आणि डबी खोटी होती. यात वेइतुंगदादाचा एकट्याचा दोष नाही. मी ती हातात घेतली तेव्हाच ओळखली होती. असल्या डब्यांत नट मीच चिकटवायचो. मी बोललो नाही."

"आपल्या माणसांत असं बोलतात का?" वेइतुंगने विचारलं. त्याला खरंच दुखलं होतं.

"पुढचं वाच, दादा. सगळी वाच. भरलंयस ना, मग परत वाचून बघू दे."

बायकांच्या रांगेतून कुणीतरी 'वाचा' असं म्हणालं, मग चार जणी म्हणाल्या, आणि अध्यक्षाला वाचावं लागलं. एकेक नाव, एकेक नकार. बाहेर हंस थंड होत होता. पुरुष घड्याळं बघत होते. पन्नास झाली, सत्तर झाली. आजीचा हात थकला, मग तिने नुसतं बोट हलवायला सुरुवात केली, पण एकही नाव तिने सोडलं नाही. सत्त्याण्णवावं नाव वाचलं गेलं. तिसऱ्या घराची थोरली लेक, श्याओमान.

बोट हललं नाही. आजीने हात मांडीवर ठेवला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

तिसरं घर म्हणजे चिनबोचं. आपल्याला बहीण होती हे त्याला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी माइकवरून कळलं. शूवेन गुरुजी उभे राहिले.

"हे एक मी बनवलेलं नाही. हे तिने सांगितलं होतं. शेतात दाणा भरायला लागतो त्या श्याओमानच्या दिवशी जन्मली, म्हणून ते नाव. मला आठवलं, कारण ते सांगून ती बराच वेळ थांबली होती. तुझ्याआधी आठ वर्षं. उपासमारीचं साल होतं, पोरगी कुणाला तरी देऊन टाकली."

"कुणाला दिली?"

गुरुजींनी चष्मा काढला. "ते पुढे होतं. ती तासभर तिच्याबद्दलच बोलत होती. यंत्र चालू होतं, म्हणून मी... मी चहाचं पाणी ठेवायला उठलो."

उरलेल्या शेहेचाळीस नावांनाही आजीने नकार दिला आणि मगच तिला घरी नेलं.

पुढे काय व्हायचं ते झालं. वेइतुंग अजून अध्यक्ष आहे. ज्याने छप्पर घातलं त्याला छपराबाहेर कोण काढणार? गावाचा राग सगळा चिनबोवर. पूर्वजांसमोर घरची धुणी धुतली आणि वर हंस गार केला, असं पुरुषमंडळी सांगतात. बायका काही सांगत नाहीत, पण त्यांनी एक गोष्ट हट्टाने करून घेतली. वंशावळीत ती साबणवडीची नावं छापू दिली नाहीत. जुन्या लेकीसुनांच्या पानांवर एकशे बेचाळीस ओळी कोऱ्या आहेत आणि एका ओळीवर नाव आहे. छापणाऱ्याने तीनदा फोन करून विचारलं, की पानं चुकून रिकामी राहिली आहेत का. नाही, म्हणून त्याला सांगण्यात आलं, खरी जागा तेवढीच आहे.

गाळ्यावर चिनबो अजून लोकांची शोभा करतो. फक्त आपला अंतरात्मा कसा जागा झाला ते सांगत नाही, आणि केबलवाल्या बाई इसबाचं सांगत नाहीत.

रविवारी तो गावी जातो. आईसमोर बसतो, तीन कप मांडतो, दोन भरतो आणि परिसरातल्या गावांची यादी काढतो. एकेका गावाचं नाव घेतो आणि थांबतो. श्याओमानला इथे दिली का? बोट हलतं, नाही. पुढचं गाव. आई दमली की थांबायचं, पाच-सहा गावांच्या वर होत नाहीत. यादीत चारशे अकरा गावं आहेत. जूनअखेर तो त्रेसष्टाव्या गावापर्यंत आला होता. पूर्ण तपासणीला वेळ लागतो, धीर धरावा लागतो, हे तो गिऱ्हाइकांना रोज बजावतो. आई येत्या शरदात ब्याण्णव वर्षांची होईल.